कोणी तोडला ते सांगू नका

तुटलेला स्टड काढायला काकांना बोलवायचं असलं तर फोनवर तीनच गोष्टी सांगायच्या. गाडी कुठली, स्टड कितवा आणि बाहेर किती राहिलाय. चौथी गोष्ट सांगायला तोंड उघडलं की ते फोन ठेवून देत. चौथी गोष्ट म्हणजे तो कोणी तोडला.

आता गॅरेजमध्ये काही मोडलं की सगळ्यात आधी तेच ठरवलं जातं. कोणाच्या हातून, कधी, आणि मी त्या वेळी तिथं नव्हतो याचे साक्षीदार कोण. हे सगळं ठरेपर्यंत मोडलेल्या वस्तूकडं कोणी बघतही नाही. काकांना हे चालत नसे. एकदा राहुरीच्या एका गॅरेजवाल्यानं त्यांना गाडीपाशी नेता नेता सांगितलं, "आमच्या त्या शहाण्यानं तोडला बघा." काका तिथंच थांबले, पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडकडं चालू लागले. गॅरेजवाला मागं पळाला. काका म्हणाले, "आता मी वाकलो की मला स्टड दिसणार नाही, तो शहाणा दिसणार. उद्या येतो. तोवर विसरेन."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त मागं बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा एक वाकडातिकडा नळ असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनाला सात-आठ स्टडांनी धरलेला असतो. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. अर्धा इंजिनात, अर्धा बाहेर, आणि बाहेरच्या अर्ध्यावर नट. वर्षानुवर्षं तापून, निवून, गंजून हा स्टड आतल्या आट्यांना असा धरून बसतो, आणि नटही त्याला असा चिकटतो, की नट सोडवायला जावं तर नट सुटत नाही, स्टडच मोडतो. अर्धा तुमच्या हातात, अर्धा इंजिनात. मग आतला अर्धा काढायचा कसा? ड्रिल मारावं तर ते जरा सरकलं की आटे गेले, जास्त सरकलं की इंजिनाचं अख्खं हेड गेलं. अशा वेळी आमच्या पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांना एकच माणूस आठवायचा.

काका राहायला नगरजवळ केडगावला. माझं गॅरेज कोल्हारला, पुलाच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. ते एसटीनं यायचे. स्वतःचं वाहन त्यांनी कधी घेतलं नाही. "गाडी घेतली की तिचे स्टड पण आपलेच," असं म्हणायचे. अंगात पांढरा हाफ शर्ट. आमच्याकडं ज्या वस्तूला हात लावाल ती काळं देते, पण काका पांढरा शर्ट घालून यायचे आणि पांढराच घेऊन परत जायचे. मला हे शेवटपर्यंत जमलं नाही. माझ्या लग्नाच्या शर्टालाही ग्रीस आहे.

खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात लहान हातोडी, पितळेचा पंच, स्वतः घासूनपुसून आपल्या हाताला बसवलेला ग्रिप प्लायर, गोधडीचा एक तुकडा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गोधडी मडगार्डवर अंथरायची आणि तिच्यावर पोट टेकवून इंजिनात वाकायचं. असे ते तास तास वाकलेले असत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारबुवांना डुलकी लागली.

स्टड सोडून दुसऱ्या कशालाही त्यांचा हात लागत नसे. एकदा मी इंजिनाखाली अडकलो होतो आणि वरून फक्त बेल्ट धरायला कोणीतरी हवं होतं. मी हाक मारली. काका बाकावर बसून शेंगा खात होते. म्हणाले, "त्याला तू आहेस की."

"काका, माझे दोन्ही हात खाली आहेत!"

"मग आधी वर ये," म्हणाले, आणि पुढची शेंग सोलली.

मला ते 'इंजिनिअर' म्हणायचे. मी डिप्लोमा केलेला आहे आणि सुरुवातीला तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, त्याची ही शिक्षा. स्वभावानं मी तापट. नट सुटत नसला की मला तो मुद्दाम सुटत नाहीये असं वाटतं. काकांना पहिल्यांदा बोलावलं तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांना विचारलं, "घाई कोणाला आहे?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, मला. त्यांनी मला राहात्याला पेरू आणायला पाठवलं. चांगले बघून आण, म्हणाले, कच्चे नकोत आणि फार पिकलेले पण नकोत. जाऊन, निवडून, परत यायला मला दीड तास लागला. तोवर स्टड निघालेला होता. पेरू पुसत काका म्हणाले, "बघ, तू नव्हतास तर किती लवकर झालं." पुढं मला कळलं की प्रत्येक गॅरेजमध्ये ते हाच प्रश्न विचारतात आणि हात वर करणाऱ्याला असंच कुठंतरी लांब पाठवतात.

बिस्किटांच्या डब्यात मेणबत्त्यांची थोटकं असत. काका ख्रिस्ती. नाताळच्या उपासनेला प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती देतात, ती जेमतेम अर्धी जळते. चर्चची झाडलोट करणारी बाई ती थोटकं काकांसाठी बाजूला काढून ठेवायची, आणि त्यांचा वर्षाचा साठा एका नाताळात व्हायचा. काम असं असे: स्टडच्या भोवतालचं बीड ब्लो लॅम्पनं तापवायचं आणि थोटूक स्टडच्या बुडाशी टेकवायचं. मेण वितळतं आणि आट्यांमधून आपोआप आत ओढलं जातं, जिथं तेल पोचत नाही तिथं पोचतं. नुसता धूर आला तर बरोबर तापलंय. मेणानं पेट घेतला तर जास्त झालं. मग निवू द्यायचं, पंच ठेवून हलके ठोके द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता हे मेण चर्चमधलं आहे एवढंच संगमनेरच्या एका मेकॅनिकच्या कानावर गेलं होतं. त्याचा एक स्टड दोन दिवस हलत नव्हता. गडी नगरला गेला, चर्चसमोरच्या दुकानातून मेणबत्ती घेतली, परत येऊन बॉनेटवर लावली, शेजारी उदबत्ती, हात जोडले, नारळ फोडला, आणि पाना ओढला. स्टड जागचा हलला नाही. त्यानं काकांना फोन करून विचारलं, माझं कुठं चुकलं? काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भक्ती बरोबर होती. फक्त मेणबत्ती स्टडला लावायची होती."

मेण आत मुरल्यावरसुद्धा ते स्टड लगेच सोडवायला घेत नसत. आधी आवळत. केसभर आवळायचा, मग केसभर सोडायचा, पुन्हा आवळायचा. "आधी त्याच्या मनासारखं होऊ दे," म्हणायचे. मला हे पटत नसे. काढायचाय तर आवळायचा कशाला? पण त्यांचा निघायचा आणि माझा मोडायचा, त्यामुळं वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तुटलेला स्टड काढायला बाजारात एक हत्यार मिळतं, त्याला 'इझी आऊट' म्हणतात. स्टडात भोक पाडून ते उलटं फिरवत घालायचं. काकांचा या वस्तूवर भारी राग. कारण स्टड निघायच्या आधी बहुतेक वेळा हे हत्यारच आत मोडतं, आणि त्याचं पोलाद इतकं कडक की त्याच्यावर ड्रिलही चालत नाही. काका त्याला घरजावई म्हणायचे. "एकदा आत गेला की निघत नाही, आणि त्याला बोलायची पण सोय नाही."

दुपारी एकच्या सुमाराला केडगावहून काकूंचा फोन यायचा, जेवलात का आणि स्टड निघाला का. काका दोन्हींना मिळून एकच उत्तर द्यायचे: "बोलणं चालू आहे." सोयरीक ठरवायला गेल्यासारखं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आता ते पुण्याला मुलीकडं असतात आणि फोनवरून स्टड काढतात. व्हिडिओ कॉल नको म्हणतात, त्यात रंग खोटे दिसतात. फोन इंजिनापाशी धरायला सांगतात आणि मला ठोके मारायला लावतात. ठोक्याच्या आवाजावरून, आत मेण गेलंय की नाही ते सांगतात. मी पहिल्यांदा हसलो होतो. आता हसत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते एका स्टडाबद्दल.

संगमनेरपलीकडच्या अकोल्याचा एक जीपवाला होता. भंडारदऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं, भाताची पोती, कधी शेरडं, जे मिळेल ते अकोल्याच्या बाजाराला आणायचा. एका गुरुवारी तो शिर्डीचे भाविक घेऊन शिंगणापूरला निघाला होता. आमच्या पुलावर जीप फटफट वाजायला लागली आणि आत धूर. भाविकांना एसटीत बसवून तो माझ्याकडं आला. बघितलं तर मॅनिफोल्डचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, जळालेलं. मॅनिफोल्ड उतरवायचा, गॅस्केट बदलायचं, परत चढवायचा. मी म्हणालो, दुपारपर्यंत मोकळा करतो.

"बरं झालं," तो म्हणाला. "आयतवारी भाचीचं जावळ हाय, मिस्त्री. मांडीवर मलाच घ्यायची हाय तिला. म्या एकटाच मामा." आणि आता आलोच आहोत तर कोल्हारच्या देवीचं दर्शन घ्यावं म्हणून तो देवळाकडं गेला.

सात नट सुटले. आठवा सुटेना. मेण, ठोके, आधी आवळणं, हे सगळं मला तोवर तोंडपाठ होतं. काकांनी निदान शंभर वेळा सांगितलं असेल. पण दुपारपर्यंत म्हणालो होतो ना. मी पान्याला दीड हाताचा पाइप लावला, म्हणजे जोर वाढतो, आणि अंगाचा भार टाकला.

कट्.

हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो कानात नाही, पोटात ऐकू येतो. स्टडाचा पुढचा तुकडा नटासकट खाली पडला. अर्ध्या बोटाएवढा खुंट इंजिनात राहिला. मी खाली पडलेला तुकडा उचलला आणि का कोण जाणे, पँटच्या खिशात टाकला.

जीपवाला प्रसाद घेऊन आला. माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि विचारलं, "झालं का?"

मी म्हणालो, "हा एक स्टड तुटलेला निघाला. आधीचाच आहे. कोणीतरी तसाच ठेवून दिलाय, नट वाटेत पडला असेल."

मला वाटलं, 'कोणीतरी' म्हणजे कोणीच नाही. तेवढं एक वाक्य बोलून आपण सुटलो. पण माझ्या या कोणीतरीला अकोल्यात घर होतं, दार होतं.

"दाजी!" जीपवाला म्हणाला. त्याचा चेहराच बदलला. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा अकोल्यात स्टँडजवळ गॅरेज चालवत होता आणि मागच्या वर्षी मॅनिफोल्ड त्यानंच उतरवला होता.

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याशी बोलताना माणूस आवाज खालीच ठेवतो. बहीण त्या घरात नांदत असते. हा पोरगा तर एरवीही हळू बोलणारा. पण त्यानं तिथंच, माझ्यासमोर, फोन लावला.

"दाजी, तुटका स्टड तसाच ठिवला व्हय तुमी? माझ्या गाडीत मान्सं बसत्यात. धूर घुसला आत!"

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "म्या न्हाई तोडला. आठीच्या आठी नट माझ्या हातानं कसलेत."

"मंग हितं काय भूत येऊन तोडून गेलं का? मिस्त्री सांगतोय की, आधीचाच हाय."

"तुझा मिस्त्री खरा आन् मी खोटा का?"

"व्हय, खोटं!"

 मग पलीकडून आलं, "मंग खोट्याच्या दारात कशाला येतूस? नको येऊ. जावळाला चुलत मामा बघतो."

थोड्या वेळानं बहिणीचा फोन आला. ती रडत होती एवढं कळलं. हा म्हणाला, "म्या न्हाई येनार आक्का, तूच आईक त्यांचं काय बोल्लेत," आणि फोन बंद करून बाकावर बसून राहिला. मी तिथंच उभा होतो. खडीसाखर हातात चिकट झाली होती. त्याच वेळी खिशात हात घालून तुकडा बाहेर काढायला हवा होता. नाही काढला. भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त वाटली.

मी काकांना फोन लावला आणि तीन गोष्टी सांगितल्या. चौथी सांगायची नसते याचं आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी काका आले. गोधडी अंथरली, वाकले, खुंटावरून अंगठा फिरवला. जुना मोड असता तर तो तांबडा, गंजलेला दिसला असता. हा मोड ताज्या कापलेल्या पत्र्यासारखा लखलखत होता. काका बराच वेळ बघत राहिले. मग डब्यातून एक थोटूक काढलं, पेटवलं, आणि ब्लो लॅम्प मागायच्या आधीच त्याची ज्योत खुंटाच्या तोंडाशी धरली. हळूहळू तो लखलखता मोड काजळीनं काळा झाला.

"हे काय करताय?" मी विचारलं. त्यांना असं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

"चमकतोय," ते म्हणाले. "डोळ्यावर येतं." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

चहाच्या वेळी जीपवाला तोंड धुवायला गेला तेव्हा मी सुरुवात केली. "काका, तो स्टड..."

"किती बाहेर आहे ते बघितलं मी."

"तसं नाही, तो..."

"इंजिनिअर, चहा पी."

मग त्यांनी सवयीप्रमाणं विचारलं, "घाई कोणाला आहे?"

"कोनालाच न्हाई, बाबा," जीपवाला म्हणाला. "मला कुटं जायचंच न्हाई."

काकांना असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं असावं. ते त्याच्याकडं बघत राहिले, आणि त्या दिवशी कोणालाच पेरू आणायला पाठवलं नाही. दिवसभर तापवणं, मेण, ठोके, आणि मधून मधून जीपवाल्याच्या तोंडून भाचीचं जावळ. संध्याकाळी म्हणाले, "आता त्याला एकटं सोडा," आणि एसटी धरून केडगावला गेले.

जीपवाला जेवायला आमच्या घरी. बायकोनं आग्रह करून वाढलं, पण त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. भाचीचं नाव निघालं तसा मात्र मोबाईल काढून त्यानं आम्हाला तिचे फोटो दाखवले. वर्षाची असेल. केस कपाळावरून थेट डोळ्यांवर आलेले. "सारकी डोळे चोळती," तो म्हणाला. "आक्का म्हनली, एकदा जावळ होऊ दे मंग हे सगळं जाईल. तिला दुसऱ्या कुनी उचललं की भोकाड पसरती." बायको कौतुकानं फोटो बघत होती. मी भाकरी घ्यायच्या निमित्तानं आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

शनिवारी काका दहाच्या गाडीनं आले. पुन्हा तापवलं, पुन्हा मेण. मग ग्रिप प्लायर खुंटावर बसवला आणि आधी केसभर आवळला. सोडला. आवळला. एक वाजता काकूंचा फोन आला. "बोलणं चालू आहे," काका म्हणाले. मी आणि जीपवाला दोन बाजूंनी वाकून बघत होतो. दीडच्या सुमाराला किर्र असा अगदी बारीक आवाज आला. काकांनी डोळे मिटले आणि तेवढंच परत मागं आणलं. आणखी दहा मिनिटांनी खुंट फिरायला लागला, आणि दोनच्या आत अख्खा बाहेर आला. आत आटे नव्यासारखे. त्यांना कुठं ओरखडाही नव्हता.

काढलेला तुकडा काका गाडीच्या मालकाला देत असत. जीपवाल्यानं तो घेतला, रुमालात बांधला आणि म्हणाला, "हा मी एसटीत कोनाबरूबर तरी धाडतो. उद्या चार मान्सांम्होरं दाजीच्या हातात द्या म्हनतो. बघू दे समद्यांला."

 काजळीनं काळा झालेला मोड चार माणसांना जुनाच वाटणार होता. दाजी मेकॅनिक. तो अंगठ्यानं काजळी पुसणार, त्याला लगेच सगळं कळणार, आणि ऐन जावळाच्या गडबडीत त्याचं कोणी ऐकून घेणार नव्हतं.

काका नळावर हात धूत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. "काका, आता निघालाय. आता तरी सांगू का कोणी तोडला ते?"

"मला कशाला सांगतोस?" ते साबण लावत म्हणाले. "जावळ काय माझ्या घरी आहे?"

"मग तुम्ही काजळी कशाला धरलीत?"

"त्यानं बघितलं असतं तर तू पकडला गेला असतास. पकडला गेलास की तू भांडतोस. मी ओळखतो तुला." त्यांनी हात झटकले आणि टॉवेल मागितला. "म्हटलं, याला जरा वेळ मिळू दे. दोन दिवस झाले, इंजिनिअर. स्टड निघाला, तू काही निघेनास."

मी परत आलो आणि खिशातला नट असलेला तुकडा काढून बाकावर ठेवला. दोन दिवस तो खिशात घेऊन फिरत होतो.

"मी तोडला," जीपवाल्याला म्हणालो. "परवा तुम्ही देवळात गेला होता तेव्हा. पान्याला पाइप लावला होता. तुमच्या दाजींनी काहीही केलेलं नाही. मी खोटं बोललो."

त्यानं रुमाल सोडला. खुंटाच्या तोंडावरची काजळी अंगठ्यानं पुसली. आत गंज नव्हता. त्यानं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले. ते असे बसले की मधली रेघही दिसेना. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो आणि खरं सांगतो, त्यानं एक लगावली असती तर मला हलकं वाटलं असतं.  त्यानं मोबाईल काढला, दाजीचा नंबर लावला आणि माझ्यापुढं धरला.

"बोला," म्हणाला. "माझ्यानं न्हाई बोलवायचं. तुमीच सांगा."

पलीकडं कोणीतरी पत्रा ठोकत होतं. "कोन?" आवाज आला.

मला त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. मी म्हणालो, "दाजी, मी कोल्हारचा मिस्त्री बोलतोय." आणि न थांबता सगळं सांगून टाकलं. पाइप, तुकडा, खिसा, खोटं. मधेच कधीतरी पत्र्याचा आवाज थांबला.  

मग दाजी म्हणाला, "निघाला का पन?"

"काय?"

"स्टड हो. निघाला का?"

"निघाला."

"अख्खा?"

"अख्खा. आट्यांना धक्का नाही."

"आं?" आता आवाजात राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. "आन् ड्रिल न मारता? कोनी काढला?"

मी काकांचं नाव सांगितलं. त्यानं ऐकलेलं होतं. "लई मोठा मानूस हाय तो," म्हणाला, आणि बारीक आवाजात स्वतःशीच पुटपुटला, "अख्खा निघाला म्हंजी..."  मी फोन कानाला घट्ट धरून उभा. जीपवाला माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मिस्त्री," दाजी म्हणाला, "त्याला सांगा, न्हावी उद्या सकाळी नऊला येनार हाय. त्याच्या आदी पोच म्हनावं. चुलत मामाकडं दिल्ती मगाशी, बघावं म्हनून. घर डोक्यावर घेतलं तिनं."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला.  जीपवाला जीपच्या पलीकडं जाऊन आमच्याकडं पाठ करून थोडा वेळ उभा राहिला. मग बाहीनं तोंड पुसत आला, बाकावरचा पाना उचलला आणि माझ्या हातात दिला.

"आवरा, मिस्त्री," म्हणाला. "नऊला न्हावी येतोय."